हेलिकॉप्टरचं खळं

डोळखांबहून डोंगरापलीकडं मुरबाडच्या हद्दीत जायला किती वेळ लागतो, असं मला कोणी विचारलं तर मी आधी विचारते, कशानं? जीपनं जायचं तर शेणव्याला खाली उतरा, किन्हवलीकडं वळा आणि सगळ्या डोंगराला वळसा घाला. दोन तास धरा, तेही जीप धड असेल तर. पायी खिंडीतून जायचं तर तेवढाच वेळ, पण वाट माहीत हवी आणि गुडघे शाबूत हवेत. हेलिकॉप्टरनं सात मिनिटं.

सात मिनिटांचं मला बांधकाम खात्याच्या ओव्हरसियर साहेबांनी सांगितलं होतं. मी स्वतः हेलिकॉप्टरमध्ये कधी बसले नाही. पण ते ज्या जमिनीवर उतरतं ती जमीन मी बऱ्याच वेळा तयार केली आहे. नव्वदीची ती दहा वर्षं आणि त्याच्या पुढची काही, शहापूर तालुक्यात पुढारी नाहीतर मंत्री वरून उतरला असेल, तर त्याच्या पायाखाली बहुतेक आमच्या टोळीचं सारवण होतं.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर चांगलं आहे, म्हणून हे कोणाकडून लिहून घेतलेलं नाही.

आमची टोळी बायकांची. दहा-बारा जणी, सगळ्या एकाच पाड्यावरच्या. मी मुकादम. रस्त्याच्या ठेकेदाराकडं आम्ही काम करायचो. खडी पसरायची, साईडपट्टी भरायची, डांबर टाकण्याआधी रस्ता झाडून काढायचा. ठेकेदार भिवंडीकडचे, गजाननशेठ. त्यांचा टेंपो सकाळी पाड्याखाली येऊन हॉर्न वाजवायचा. टेंपो आला म्हणजे काम आहे, नाही आला म्हणजे नाही. आम्हाला कोणी कागद दिलेला नव्हता. तो हॉर्न हाच आमचा कागद.

टेंपो आला नाही तर दुसरी गाडी यायची, वीटभट्टीचा ट्रक. भात झोडून झालं, दिवाळी झाली की तो यायचा आणि भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी असं सगळं घर उचलून न्यायचा. पाऊस तोंडावर आला की परत आणून सोडायचा. मी चौथी पास झाले त्या वर्षी माझ्या बापानं आम्हाला त्या ट्रकमध्ये बसवलं. पाचवी भट्टीवर नव्हती. म्हणून मी मुकादम झाले तेव्हा एकच ठरवलं, शेठचा टेंपो तुटू द्यायचा नाही. शेठ चांगले होते म्हणून नव्हे. माणूस बरा होता, पण तोंडानं फाटका. टेंपो येत राहिला की टोळीतल्या बायकांची पोरं पावसाळा ते उन्हाळा एकाच शाळेत राहायची, एवढ्यासाठी.

आता हेलिपॅड म्हणजे काय ते सांगते. हेलिकॉप्टर वरून खाली येतं तेव्हा त्याच्या पंख्याचा वारा जमिनीवर आदळतो आणि चारी बाजूंना पसरतो. वावटळ तुम्ही पाहिली असेल. वावटळ पुढं निघून जाते, ही एका जागी उभी राहते. जमिनीवर जे काही सुटं असेल ते सगळं उडतं. माती, पाला, पिशव्या, एखाद्याची टोपी. म्हणून जमीन अशी करायची की तिच्यावर सुटं काहीच राहता कामा नये.

तारा नाहीत, झाड नाही, असं कापणी झालेलं शेत बघायचं. बांध फोडून सपाट करायचा. भाताची खोडकी काढायची, खडे वेचायचे, पाणी मारून ठोकायचं. रोलर आला तर आला. मग शेण कालवून सारवायचं, आपण खळं सारवतो तसं. वाळलं की दुसरा हात. मधे खुंटी रोवून दोरीनं चुन्याचा गोल काढायचा आणि त्यात इंग्रजी एच. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, आम्ही त्याला एका पायरीची शिडी म्हणायचो. साहेब लोक शिडी कुठं आहे म्हणून विचारायचे नाहीत, पण आमच्या टोळीतली मंगळी त्यांना सांगायची, साहेब, शिडी लावली हाय, उतरा आता. शेवटी बाजूला ओल्या पेंढ्याची धुनी करायची. धूर कुठं जातो ते बघून पायलटला वारा कळतो.

कामाची गंमत अशी की ते नीट झालं तर काही दिसत नाही. रस्ता केला तर लोक म्हणतात रस्ता झाला. हेलिपॅड नीट झालं तर धूळ उडत नाही, आणि न उडालेली धूळ कोण बघतो? लोक वर बघत असतात.

वेगवेगळी माणसं भेटायची. एका गावात एक म्हातारा रोज येऊन काठीनं सारवण टोचायचा आणि विचारायचा, ह्याच्यावर झोडणी कदी? त्याला वाटलं सरकारनं गावाला खळं बांधून दिलंय. आम्ही सांगून थकलो. हेलिकॉप्टर उडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं आपले पेंढे आणून तिथं झोडले, आणि म्हणाला, खळं बरं झालंय. त्याच्याइतकं कौतुक आमचं कोणी केलं नाही. एका साहेबांना शेणाचा वास चालत नव्हता. त्यांनी उदबत्त्या लावायला सांगितल्या. उघड्या शेतात उदबत्त्या. लावल्या. एका ठिकाणी उतरायची वेळ झाली आणि म्हैस गोलात येऊन उभी राहिली. पोलिसानं शिट्टी वाजवली. म्हशीला शिट्टी कळत नाही. टोळीतल्या पारूनं जाऊन तिच्या नाकात बोट घातलं आणि तिला बाहेर आणलं.

पण पहिल्या खेपेला आमची जी फजिती झाली ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिलं हेलिपॅड आम्हाला दिलं तेव्हा शेठ म्हणाले, एकदम फस्क्लास झाला पायजे, सोताच्या घरासारखा. आम्ही तसंच केलं. आमच्याकडं घराची जमीन करताना शेणामातीत भाताचं तूस घालतात. कुडाच्या भिंतीला पण घालतात. तुसानं सारवणाला तडे जात नाहीत, आणि वाळल्यावर ते उन्हात सोन्यासारखं दिसतं. तुसाशिवाय सारवण म्हणजे मिठाशिवाय कालवण. आम्ही पाड्यावरच्या सगळ्या घरांतून तूस गोळा केलं आणि घातलं. असं खळं मी माझ्या लग्नात पण पाहिलं नव्हतं.

घराच्या जमिनीवर कोणी हेलिकॉप्टर उतरवत नाही, हे आमच्या डोक्यात आलं नाही. पंख्याचा वारा लागला तसं वरवरचं तूस सुटलं, आणि एक सुटलं की त्याच्या खालचं सुटलं. पिवळा ढगच उठला. हार घेऊन उभे असलेले लोक हार टाकून डोळे चोळायला लागले. बँडवाल्याच्या तोंडात पिपाणी होती, त्यातून तूस आत गेलं. शेठनी पांढरा सफारी घातला होता. तो पांढरा राहिला नाही.

हसायला येतं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पायलट खाली उतरला, आमच्याकडं चालत आला आणि हिंदीत बोलला. ओरडला नाही. म्हणाला, उतरताना शेवटच्या दोन-तीन पुरुष उंचीला मला जमीन दिसली नाही. डोळे बांधून जिना उतरल्यासारखं झालं. मंगळी तोपर्यंत खिदळत होती.  चार माणसं त्यात बसलेली होती.

शेठ जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, बुधीबाय, हेलिपॅडचा काम आता तुमाला नाय. रस्त्याचा देतो. पन परत माझ्या नावाला काय लागला, तर सकालचा टेंपो यायचा नाय, ध्यानात ठेव.

दोन वर्षं ते काम पुरुषांच्या टोळीनं केलं. ते सारवायचे नाहीत, टँकरनं पाणी मारायचे. टँकर वेळेवर आला तर ठीक. उन्हात एका तासात जमीन सुकायची आणि माती उडायची. शेवटी ओव्हरसियर साहेबच म्हणाले, सारवणच बरं, पण तूस नको. असं काम परत आमच्याकडं आलं. मग आम्ही शेण गाळून घ्यायला लागलो. गोणपाटातून, ताक गाळावं तसं. शेणात गवताची काडी असते, ती पण नको.

आता खरी गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झालं होतं. एक मंत्री येणार होते. सकाळी डोळखांबच्या बाजूला दवाखान्याच्या इमारतीचं उद्घाटन, मग जेवण, मग डोंगरापलीकडं मुरबाड तालुक्यातल्या एका गावात बंधाऱ्याचं भूमिपूजन. दोन्हीकडं हेलिपॅड. दोन्हीकडचं काम गजाननशेठकडं. मी म्हणाले, दोन्ही आम्हीच करतो. शेठ म्हणाले, तिकडं लांब पडतं, तिकडच्या गावच्या बायका करतील. मंगळी म्हणाली, लांब कुठं, सात मिनिटं तर हाय. आमाला पन त्यातच बसवून न्या की.

कार्यक्रम मंगळवारी होता. वीटभट्टीचा माणूस रविवारी पाड्यावर येऊन गेला. बुधवारी पहाटे ट्रक येणार, कोण कोण येतंय बोला. टोळीतल्या निम्म्या बायकांच्या नवऱ्यांनी हो म्हणून टाकलं होतं, कारण त्या वर्षी रस्त्याचं काम रखडलं होतं आणि टेंपो येईल की नाही याची खात्री नव्हती. पारूच्या नवऱ्यानं तर बोचकं बांधून ठेवलं होतं. पारूची पोर दुसरीत होती.

मी शेठना सरळ विचारलं, बुधवारी टेंपो येणार का नाही ते आता सांगा. शेठ म्हणाले, किन्हवलीच्या रस्त्याचं काम मला मिळायचं आहे. मंगळवार नीट गेला तर मिळेल, तर बुधवारी टेंपो येईल. दोन्हीकडचा काम माझ्या नावावर हाय. एका जागी जरी बोंब झाली, तरी मी पन गेलो आन् तुमी पन गेल्याव.

मी पाड्यावर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. कोणाला गोड वाटावं म्हणून काही घातलं नाही. पारूचा नवरा म्हणाला, बोचका बांधलेला राहू दे. म्हटलं, राहू दे.

मंगळवारी डोळखांबच्या बाजूला हेलिकॉप्टर उतरलं. एक कण उडाला नाही. मंत्री मंडपाकडं गेले, भाषणं सुरू झाली. आम्ही एका आंब्याखाली भाकरी सोडून बसलो. तिथं एक जीपवाला पाणी प्यायला आला. तो सकाळी डोंगरापलीकडच्या त्या गावाहून निघून, वळसा घालून, खुर्च्या घेऊन आला होता. त्याला आमची चेष्टा करायची लहर आली. म्हणाला, मावशे, तुमचं बरं हाय, पन तिकडच्या बायांनी तुमच्यापेक्षा भारी केलंय. नुसता सोन्यासारखा चमकतो.

मी विचारलं, "चमकतं कशानं?"

"तूस घातलंय ना गो. पोत्यानं घातलंय."

भाकरीचा घास हातात होता, तो मी परत फडक्यात ठेवला.

त्याला विचारलं, तिथं पाणी मारलंय का. तो म्हणाला, टँकर किन्हवलीच्या पुढं रस्त्यात उभा हाय, टायर फुटलाय, डायवर झोपलाय. मी उठून ओव्हरसियर साहेबांना गाठलं. साहेब समजून घेणारे होते. त्यांनी पोलिसाच्या वायरलेसवरून तिकडं विचारायला लावलं. तिकडून उत्तर आलं, मैदान तयार आहे, टँकर येतोय. साहेब म्हणाले, बुधाबाई, मी आणखी काय करू, मला इथून हलता येत नाही. ते खरं होतं. शेठ स्टेजवर मंत्र्यांच्या मागच्या खुर्चीत बसले होते, त्यांच्यापर्यंत कोणी जाऊ देत नव्हतं. जीपवाल्याला म्हटलं चल, तर त्याची जीप पुढ्यातल्या गाड्यांनी कोंडलेली. रस्ता एकच, आणि मंत्री उडाल्याशिवाय तो मोकळा होणार नव्हता.

मी टोळीकडं आले आणि म्हणाले, खिंडीतून जायचं.

मंगळी म्हणाली, "माजी भाकर खाऊन व्हायची हाय अजून."

"वाटेत खा."

"आन् तिकडच्या बायांनी केलेला तिकडच्या बाया निस्तरतील. आमचा काय जातो?"

पारू आधीच उठून उभी होती. तिनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि मंगळीला म्हणाली, "माजा बोचका बांधलेला हाय, तो जातो." मग मंगळी उठली. वाटेत तिनं भाकरी खरंच खाल्ली, आणि शिव्या दिल्या त्या भाकरीच्या घासामधून दिल्या.

त्या दिवशी आम्ही नऊ जणी होतो, सहा जणी गेलो. म्हाताऱ्या दोघी आणि पोटुशी एक, त्यांना मागं ठेवलं. खिंडीची वाट आमची माहेरी जाण्यायेण्याची. कारवीची झुडपं वाळून तुटत होती, अंगाला ओरखडे येत होते.  चढताना मागून मंत्र्यांचं भाषण ऐकू येत होतं, कर्णा मोठा लावला होता. मी मनात म्हटलं, बोल बाबा, बोल. आयुष्यात एकदाच मला पुढाऱ्याचं भाषण लवकर संपू नये असं वाटलं.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो तर मागं भाषण चालू होतं आणि पुढून दुसऱ्या कर्ण्याचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. दोन्हीकडचं एकाच वेळी. तिथं उभं राहिलं की कळतं, ही दोन गावं किती जवळ आहेत. पाय खाली टाकला तसा मागचा आवाज डोंगरानं गिळला. भाषण चाललंय की संपलंय, जेवायला बसले की उठले, काही कळेना. त्यानंतर आम्ही उतरलो नाही, घसरलो. खाली नदीत गुडघाभर पाणी होतं, साडी वर खोचायला पण थांबलो नाही.

मैदान पाहिलं आणि मला आधी वाईट वाटलं, कारण काम फार सुंदर झालं होतं. गोल एकसारखा, काठाला रांगोळी, आणि सगळं सारवण उन्हात पिवळंधमक. कडक वाळलेलं. पाण्याचा थेंब नाही.

त्या गावच्या बायकांची पुढारीण सखू नावाची म्हातारी होती. नवीन लुगडं नेसून मंडपाशी उभी होती. मी तिला म्हटलं, आजी, ह्याच्यावर पाणी ओतायला लागेल, आणि शेणकाल्याचा एक हात. आमच्या ओल्या साड्या आणि डोक्यावरची घमेली बघून तिला काय वाटलं असेल ते वाटलं असेल.

"शापूरवाल्या बाया आमाला सारवायला शिकवायला आल्या," ती बाकीच्यांना म्हणाली. "आमी तीन दिस कंबर मोडली. वर पानी ओतून चिखल करायचा? चुना जाईल, रांगोळी जाईल. तुमाला काय, तुमचा मंत्री येऊन गेला."

तिचं बरोबर होतं. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी पण हेच बोलले असते, वर आणखी चार शब्द. आमच्या पहिल्या फजितीची गोष्ट सांगत बसायला वेळ नव्हता, आणि सांगून तिला पटली पण नसती. तिनं हेलिकॉप्टर खाली आलेलं कधी पाहिलंच नव्हतं, आणि तूस नको हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. जेवणाच्या मंडपात एक बाई तांदूळ पाखडत होती. मी तिच्या हातातलं सूप घेतलं. सखू आजीचा हात धरला आणि तिला गोलाच्या काठावर बसवलं. म्हटलं, बघ. आणि जमिनीला टेकवून सूप जोरात हलवलं, चूल पेटवताना हलवतो तसं.

तूस सुटलं आणि तिच्या तोंडावर गेलं. डोळ्यात गेलं, नव्या लुगड्यावर बसलं. ती थू थू करायला लागली.

मी म्हणाले, "हे सूप हाय. आता ह्या मंडपाएवढं सूप डोक्यावर घे, म्हंजे हेलिकॉप्टर. वरच्याला जमीन दिसत नाय मग. तो पडला तर तुज्या रांगोळीवर पडेल."

आजीनं डोळे पुसले. सुपाकडं बघितलं, सारवणाकडं बघितलं. मग उठून आपल्या बायकांवर ओरडली, "बघताव काय? हंडे काढा."

गावात लग्नासारखं झालं. ज्या घरात जे भांडं होतं ते बाहेर आलं. विहीर शेताच्या टोकाला होती, तिथपासून गोलापर्यंत बायकांची रांग लागली. त्यांच्या आणि आमच्या मिसळून गेल्या. एक पोलीस आडवा आला, आता आत कोणी जायचं नाही, ऑर्डर आहे. आजी त्याला म्हणाली, मग तू सारव. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि बाजूला झाला. शेणकाला पातळ कालवून आम्ही सहा जणी हात मारत सुटलो, मधून काठाकडं. मधे ओलं झालं की तूस बसतं. काठाचं नंतर बघू. चुन्याची शिडी पुसली गेली, ती पारूनं परत ओढली. वाकडी आली. राहू दे म्हटलं.

आवाज आधी आला. डोंगराच्या माथ्यावरून, जिथून आम्ही आलो होतो तिथूनच. अजून काठाचा एक कोपरा कोरडा होता. मंगळी धावत जाऊन पेंढ्याच्या धुनीपाशी पोचली, ती कोणी पेटवलीच नव्हती. फुंकर मारून मारून तिनं धूर काढला. पोलिसानं शिट्ट्या वाजवल्या, आम्ही बांधामागं बसलो.

ते खाली आलं. मी वर बघत नव्हते, मी जमिनीकडं बघत होते. काठाच्या कोरड्या कोपऱ्यातून मूठभर तूस उठलं, भिरभिरलं आणि मंडपाकडं गेलं. मधलं सारवण जागेवर बसून राहिलं. नुसतं पाणी थरथरलं. चाकं टेकली. 

मंत्री उतरले आणि त्यांचा पांढरा बूट ओल्या सारवणात रुतला. त्यांनी पाय उचलून तळव्याकडं बघितलं. बूट हिरवा झाला होता. मग त्यांनी लोकांना नमस्कार केला. मागचा एक माणूस वाकून रुमालानं बूट पुसत होता आणि मंत्री एका पायावर नमस्कार करत होते. सखू आजी माझ्या कानात म्हणाली, "तूस असता तर पाय रुतला नसता." ते पण खरंच होतं.

शेठची जीप आली तेव्हा मंत्री भूमिपूजन करून, नारळ फोडून उडून गेले होते. शेठनी आम्हाला पाहिलं आणि जीपमधून उतरता उतरता थांबले. मघाशी आम्ही डोंगराच्या त्या बाजूला होतो, आता ह्या बाजूला, आणि रस्ता तर त्यांच्या जीपनं आत्ताच संपवला होता.

"तुमी हितं? तुमाला आनला कोनी?"

मंगळी म्हणाली, "हेलिकॉप्टरनं आलो. सात मिनिटं लागली."

तेवढ्यात गावच्या पुढाऱ्यानं शेठना बुटाचं सांगितलं. मंत्री नाराज झाले, चिखल केला होता, वगैरे. शेठ आमच्यावर घसरले. एवढा पानी कोनी ओतला, अक्कल हाय का. मी एकदाच सांगितलं. म्हटलं, खाली तूस आहे.  शेठनी तो कोरडा राहिलेला कोपरा पाहिला. बुटाच्या टोकानं उकरला. खालून पिवळं तूस निघालं, ते वाऱ्यानं थोडं हललं. शेठनी बूट झटकला. मग काही न बोलता जीपमध्ये बसून निघून गेले. आम्ही परत कशा जाणार, ते त्यांनी विचारलं नाही.

सखू आजीनं जेवायला घातलं. भात, वालाचं कालवण. दिवस कलायच्या आत आम्ही परत खिंड चढलो. येताना कर्णा कुठलाच वाजत नव्हता. पारू मला विचारत होती, शेठ काय बोलला नाही म्हंजे काय? मी म्हटलं, काय बोलला नाही म्हणजे काय बोलला नाही. उगाच धीर द्यायची मला सवय नाही.

त्या खिंडीतून रस्ता व्हावा म्हणून मी पुढं बऱ्याच साहेबांना सांगितलं. वरून सात मिनिटं लागतात तिथं खालून दोन तास का लागावेत? सगळे हो म्हणाले. रस्ता झाला नाही. हेलिपॅड आता सिमेंटची होतात, त्यांना सारवण लागत नाही. रस्त्याला मशिनी आल्या आणि टोळ्या मोडल्या. मंगळी वारली. पायलटनं मला एकदा आत बसून बघ म्हटलं होतं, दुसऱ्या एका खेपेला. मी शेणाच्या हातानं नको म्हटलं. हात धुवायला हवे होते, एवढं आता वाटतं.

तर त्या बुधवारी पहाटे पहिला हॉर्न ट्रकचा वाजला. पाड्याखाली गडबड सुरू झाली. पारूच्या नवऱ्यानं बोचकं वर टाकलं, भांडी टाकली, पाय बांधलेल्या कोंबड्या टाकल्या. पारू पोरीचा हात धरून खाली उभी होती, चढत नव्हती. मी भट्टीच्या माणसाला म्हणाले, जरा थांब. तो म्हणाला, किती? म्हटलं, तुझी बिडी संपेपर्यंत. त्यानं बिडी पेटवली. त्याला घाई नव्हती, बाकीचे चढतच होते. मी रस्त्याच्या वळणाकडं तोंड करून उभी राहिले. बिडी संपली. त्यानं ती चपलेखाली विझवली आणि पारूकडं बघून म्हणाला, चला.

मी म्हणाले, आणखी एक पेटव.

दुसरी निम्मी झाली असेल, तेव्हा वळणावर टेंपो दिसला. येऊन ट्रकच्या मागं थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"बुधीबाय, शेठनी निरोप दिलाय. फुडच्या खेपेला पानी जरा कमी मारा."

मंगळी म्हणाली, "फुडच्या खेपेला."

पारू ट्रकवर चढली. तिनं आधी कोंबड्या खाली उतरवल्या, मग भांडी.